फळझाड घेताना आधी हवा बघा

सफरचंदाचं रोप मी फोटो पाहून घेतलं. ‘रॉयल डिलिशियस आहे, कुठेही येतं,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. भाईंदर पश्चिमेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीची परवानगी घेऊन, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये ते लावलं. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधली, शेणखत घातलं, पाणी कधी चुकवलं नाही. तीन वर्षांनी पाहावं तर फांदीच्या शेंड्याला चार पानांचा झुबका आणि खालचे सगळे डोळे बंद. फूल एकही नाही. चौथ्या पावसाळ्यात मुळं कुजली आणि झाड गेलं.

निगराणीत कसूर नव्हती, निवडच चुकली होती. सफरचंद हिवाळ्यात पानं गाळून झोपतं आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय नीट जागं होत नाही. रॉयल डिलिशियसला साधारण 7 अंशांखालचे हजारेक तास लागतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं ते 22 जानेवारी 1962 रोजी, 7.4 अंश. मग आमच्या खाडीकाठी हजार तास कुठून मिळणार? हिमाचलातल्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारं ‘एचआरएमएन-99’ हे वाण शोधलं, त्यासाठी त्यांना 2025 साली पद्मश्रीही मिळाली. फारच हौस असेल तर ते एखादं लावा, पण प्रयोग म्हणूनच.

उलट बाजूही पाहिली आहे. टोरोंटोजवळ राहणाऱ्या माझ्या बहिणीने हापूसची कोय रुजवून रोप अंगणात लावलं. पहिल्याच बर्फात ते काळं पडलं. तिच्या परसात आता सफरचंद आहे, माझ्या गच्चीवर चिकू.

आपल्याकडे काय लावावं? चिकूचं ‘कालीपत्ती’ वाण डहाणू-घोलवडला पिढ्यान्‌पिढ्या पिकतं आणि थोडं मचूळ पाणीही सोसतं. रोप बियांचं घेऊ नका, खिरणीवर बांधलेलं कलम घ्या, फळ बरंच लवकर धरतं. पेरूत ‘सरदार’ चांगला. पावसाळ्यात फळमाशी लागते, म्हणून फळ सुपारीएवढं झालं की कागदी पिशवी बांधा. कागदी लिंबाच्या कोवळ्या पानांवर अळ्या दिसल्या की हाताने वेचा. पपईच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका, एका पावसात झाड बसतं. ड्रमला भोकं भरपूर पाडा आणि ओल्या मातीचं वजन गच्चीला पेलेल का, हे आधी विचारून घ्या.

रोप आणण्यापूर्वी उत्तन-डोंगरीच्या वाड्यांमधून एक फेरी मारा. ज्या झाडाला तिथे फळ लगडलेलं दिसेल, तेच घरी आणा. माझी चार वर्षं वाया गेली, तुमची जाऊ देऊ नका.