चुनकळीतील उष्णतेचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या सुमारास शाळेच्या वा चावडीच्या भिंतींना सफेदी देण्याचे काम निघाले, की पिंपात चुनकळी भिजत घातली जाते. पाणी थंड, खडे थंड, जवळपास विस्तवही नसतो. तरीही थोड्याच वेळात खडे फुटू लागतात, पाणी रटरटते आणि पिंपाला हात लावणे अशक्य होते. ही उष्णता आली कोठून? तिचा उगम पाहावयाचा तर चुन्याच्या भट्टीपर्यंत मागे जावे लागते.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली असता तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मागे उरते. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ ग्रॅम चुनकळी मिळते आणि या रूपांतरात सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. अशा अभिक्रियेस ऊष्माग्राही म्हणतात. भट्टीतील कोळशाची ही उष्णता नाहीशी होत नाही. विलग झालेली चुनकळी व वायू यांच्याकडे ती रासायनिक ऊर्जेच्या रूपाने उसनी राहते.

या उसनवारीचा पहिला हप्ता पिंपात फिटतो. ५६ ग्रॅम चुनकळीचा १८ ग्रॅम पाण्याशी संयोग होताना सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही अभिक्रिया ऊष्मादायी होय. एक किलो चुनकळीमागे हिशेब केला आणि गळती धरली नाही, तर साधारण साडेतीन लिटर पाणी उकळीस यावे एवढी ही उष्णता भरते.

दुसरा हप्ता भिंतीवर फिटतो. तेथे विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो व सुमारे ११३ किलोज्यूल उष्णता परत मिळते. मात्र हे काम इतके सावकाश चालते, की भिंत कोमटसुद्धा लागत नाही. ६५ आणि ११३ मिळून १७८ होतात, हा योगायोग नव्हे. सेंट पीटर्सबर्ग येथील रसायनशास्त्रज्ञ हेस यांनी १८४० मध्ये मांडलेला नियम हाच आहे: अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, उष्णतेची एकूण बेरीज आरंभीच्या व अखेरच्या पदार्थांवरच अवलंबून असते. वर्गात हा नियम फळ्यावरील समीकरणांपेक्षा चुन्याच्या उदाहरणाने लवकर उमगतो.

चुनकळी उघड्यावर पडून राहिली तर हवेतील ओलावा हा पहिला हप्ता गुपचूप वसूल करतो. खड्यांची भुकटी होते व पाण्यात टाकल्यावर ती फारशी तापत नाही. खरेदीपूर्वी एक खडा भिजवून पाहिल्यास माल ताजा की शिळा हे तेथेच कळते.

भिजविताना चुनकळी पाण्यात थोडी थोडी टाकावी. ढिगावर थोडेसे पाणी शिंपडल्यास उष्णता एकाच जागी साठते आणि उकळता चुना अंगावर उडतो. झाकण घट्ट बसविलेल्या डब्यात ती भिजविणे तर धोक्याचेच, कारण आत कोंडलेली वाफ डबा फोडू शकते. पोती ओल येणाऱ्या जागी किंवा कडबा-गवताजवळ ठेवू नयेत.

विरलेला चुना निवला तरी त्याचा दाहक अल्कधर्म तसाच राहतो. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी मुलाच्या हातात दाबली जाऊन फुटते व चुना डोळ्यांत उडतो. अशा अपघातांनी मुलांची दृष्टी गेलेली आहे. डोळा चोळू न देता, पापणी उघडी धरून, स्वच्छ पाण्याच्या धारेने तो ताबडतोब व निदान वीस मिनिटे धुवावा, दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडाने काढावेत आणि मग विलंब न लावता मुलास रुग्णालयात न्यावे. धुण्यासाठी रुग्णालय गाठेपर्यंत थांबू नये. तेवढ्या वेळात चुना बुबुळाच्या आत उतरत असतो.