मुलांस जमिनीचा फेरफार कसा शिकवावा

‘डोंगर कुठें बदलतो?’ असें मुलें विचारतात. त्यांस माहुलीचे सुळके दाखवावे. तो काळा कातळ सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. तोच ऊन-पावसानें कुजून मुरूम होतो. मुरमाचा खडा मुलांनीं हातानें चुरून पाहावा. आषाढांत भातसेचें किंवा काळूचें गढूळ पाणी बरणींत रात्रभर ठेवावें. सकाळीं तळाशीं बसलेला गाळ ही आपल्याच वरकस जमिनीची माती होय. आमच्या दफ्तरीं सात-बारावर क्षेत्र तेंच राही. ओढा मात्र दरसाल बांध खाई. पुढें दोन पाट्यांत माती भरून, एकींत गवत रुजवून, दोन्ही उतरत्या ठेवाव्या व झारीनें पाणी घालावें. कोणत्या पाटीचें पाणी गढूळ आलें, तें मुलांनींच सांगावें.