साडेतीननंतर

मिरज, रविवार

चि. बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून तू चकित होशील, कारण आपल्या घरात आता टपालाने लग्नपत्रिकांखेरीज काही येत नाही. परंतु जे सांगायचे ते फोनवर सांगू लागलो असतो तर माझा आवाज चढला असता, तुझा उतरला असता, आणि अखेर दोघांनीही पावसापाण्याची चौकशी करून फोन ठेवला असता. म्हणून हा कागद.

गेल्या आठवड्यात तुझी आत्या येऊन गेली. तिचा नातू सदाशिव पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतो, तिथे कोपऱ्यातल्या टेबलाशी, पडद्यावरच्या लाल-हिरव्या काड्यांकडे टक लावून बसलेला तू त्याला दिसलास, आणि तोही एकदा नव्हे. दीड वाजता तू पिशवीतून डबा काढलास आणि पडद्यावरची नजर न हलवता जेवलास, असे तो म्हणतो. आत्याच्या वार्ता निम्मा वटाव कापूनच जमेस धराव्यात हे आपल्या घराण्यात सर्वश्रुत आहे, आणि तुला कंपनीने काढले, घराचे हप्ते थकले वगैरे तिने जे पुढे जोडले ते मी सोडून दिले. तो डबा मात्र सोडता येईना. तसला तपशील आत्याला रचता येत नाही.

नोकरी सोडलीस याचा मला राग नाही. कोषागारात अव्वल कारकुनी करीत ज्याने हयात काढली त्याने दुसऱ्याला नोकरीचे माहात्म्य सांगू नये, आणि सट्टा हा शब्दही मी योजत नाही, कारण तो वाचताच तू पत्र घडी करून ठेवशील. राग आहे तो डब्याचा. सूनबाई सकाळी उठून पोळ्या लाटते त्या कचेरीत जाणाऱ्या नवऱ्यासाठी. आणि तो नवरा त्या पोळ्या, परीक्षार्थी पोरांच्या रांगेत बसून, निफ्टीच्या ऑप्शनचा भाव बघत खातो. तिला ठाऊक आहे काय?

तुझे पाऊल घसरले ते तोट्याच्या दिवशी नव्हे. ३ जून २०२४ रोजी मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला आणि दुसऱ्याच दिवशी, मतमोजणी चालू असता, सुमारे चार हजार चारशे अंशांनी कोसळला, तेव्हा तू ‘पुट’ घेऊन बसला होतास. त्या आठवड्याअखेर पेढ्यांचा पुडा घेऊन आलास आणि झोपाळ्यावर बसून म्हणालास, “काका, बाजार कळला मला.” पेढे उत्तम होते. परंतु नवख्याचा पहिला मोठा नफा हा त्याच्या बुद्धीच्या खाती जमा होतो आणि पहिला मोठा तोटा परदेशी संस्थांच्या, सरकारच्या नाहीतर कुणा अज्ञात ऑपरेटरच्या नावे पडतो. आणि असा जमाखर्च एकदा सुरू झाला की लावलेला स्टॉप लॉस ‘एवढ्यात उसळेल’ म्हणून खाली सरकवणे, पडत्या भावात आणखी एक लॉट घेऊन सरासरी उतरवणे, एक्स्पायरीच्या दुपारी प्रीमियम डोळ्यांदेखत विरत असता सकाळचे गेलेले वसूल करण्यासाठी दुप्पट घेणे, हे सारे ओघाने येते. तेवढ्याने मी भ्यालो नसतो. मला भय वाटते ते साडेतीननंतरचे. बाजार साडेतीनला बंद होतो, आणि कचेरीतून परतण्याची तुझी वेळ साडेसहा. मधले तीन तास तू कुठे काढतोस रे?

सरकारी कागद वाचल्याखेरीज मला चैन पडत नाही हे तू जाणतोस. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शंभरातल्या त्र्याण्णव तोट्यात गेल्या, खर्च धरून सरासरी सुमारे दोन लाखांनी. हा आकडा तुला मुखोद्गत असेल, आणि उरलेल्या सातांत तू स्वतःचे नाव घातलेही असशील. म्हणून मी त्याच अहवालातल्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवतो. लागोपाठ वर्षे तोटा सोसूनही त्यांतले पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोक व्यवहार करीतच राहिले. अशा माणसांतला एक मी जवळून ओळखतो. थांबायचे म्हटले तर घरी सांगावे लागते, म्हणून तो थांबत नव्हता.

मळ्याची गोष्ट तुला निम्मी ठाऊक आहे. १९९२ साली मी फोर्टमधल्या कचेरीत होतो आणि दुपारच्या सुट्टीत दलाल स्ट्रीटवर उभा असे. सरकारी नोकराला असल्या व्यवहाराची मनाई होती, ही गोष्ट निराळी. एप्रिलात सेन्सेक्स साडेचार हजारांच्या आसपास पोचला, एसीसीचा शेअर हजारांत बोलला जाऊ लागला, आणि हर्षद मेहताचे नाव चहावाल्या पोराच्याही तोंडी आले. आम्ही बदल्यावर सौदे करीत असू, म्हणजे मालाची पुरी किंमत न भरता, व्याज देऊन सौदा पुढच्या वलणात ढकलीत असू, आणि असे करताना आपण कर्ज काढीत आहोत असे मनातसुद्धा येत नसे. पुढे घोटाळा बाहेर पडला, वर्षभरात निर्देशांक निम्म्यावर आला, आणि मी प्रत्येक वलणानंतर घरी ‘सर्व क्षेम’ अशी कार्डे धाडीत राहिलो. अक्षर अत्यंत वळणदार. अखेरीस दलालाचा माणूस तगादा घेऊन मिरजेला आला तो नेमका तुझ्या बारशाच्या दिवशी. दादांनी त्याला पंक्तीला बसवून जेवू घातले, आणि पुढच्या महिन्यात मळ्याचे गहाणखत करून दिले. मला त्यांनी जन्मात त्याबद्दल एक अक्षर विचारले नाही. मळा यथावकाश सुटला. परंतु भावाची हकीकत दादांना परक्याच्या तोंडून, पाहुण्यांनी भरलेल्या घरात ऐकावी लागली, ते आज तीस वर्षांनंतरही माझ्या अंगावर येते.

वाचून पाहतो तो मी फारच रागावलेला दिसतो. तसे नाही रे. त्या गल्लीत एक वृद्ध कच्छी गृहस्थ होते, ते अखेरपर्यंत टिकले. त्यांच्या वहीत प्रत्येक सौद्यासमोर भाव आणि नग यांच्यानंतर एक जादा रकाना होता, आणि त्यात ‘जेवून’ किंवा ‘उपाशी’ एवढेच लिहिलेले असे. एका दिवाळीला त्यांनी उपाशी सौद्यांची बेरीज निराळी केली. ती मला दाखवली नाही, परंतु तेव्हापासून ते बाराच्या सुमारास बाजार सोडून घरी जेवायला जाऊ लागले. तू निदान दीड वाजता जेवतोस, हे आत्याच्या वार्तेतले मला लाभलेले एकच समाधान.

किती गेले, किती उरले, कुणाचे देणे आहे, हे मला कळवू नकोस. ते प्रथम सूनबाईला सांग. हप्त्यांची ओढाताण असेल तर माझी एक मुदत ठेव मार्चात पिकते. ती तुझ्याच नावे लिहून ठेवलेली आहे, तेव्हा माझ्या पश्चात घेण्याऐवजी आधीच घे. मात्र घरखर्चाला, मार्जिनला नव्हे. पुढेही हाच धंदा करायचा असे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलेत तर मी आड येणार नाही. घरच्या टेबलाशी बसून कर, उघड.

मी शनिवारी कोयनेने येतो. त्या दिवशी बाजाराला सुट्टी, तेव्हा तुला सबब नाही. सूनबाईला फोनवर गुडघा दाखवायला येतो असे सांगितले आहे, आणि ते निम्मे खरेही आहे. तोवर तू तिला सांगितलेले असलेस तर मी नुसता गुडघा दाखवून परत फिरेन. नसलेस तर तू सांगशील तेव्हा शेजारी बसून राहीन, मध्ये बोलणार नाही. स्टेशनवर येण्याची तसदी घेऊ नकोस, मी रिक्षा करीन. आलास तर बरे, कारण तुझ्या काकूने कुरडयांचा डबा दिला आहे, आणि तो एका हाताने पेलत नाही.

तुझा,
काका