संधी खर्च, उत्पादन शक्यता आणि तुलनात्मक लाभ

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
- संधी खर्चाची संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
- उत्पादन शक्यता वक्राचा अर्थ सांगता येईल.
- निरपेक्ष लाभ व तुलनात्मक लाभ यांतील फरक आणि या विचाराच्या मर्यादा सांगता येतील.

१. प्रास्ताविक

साधने मर्यादित असतात आणि त्यांचे पर्यायी उपयोग अनेक असतात. त्यामुळे प्रत्येक निवडीत काही तरी सोडावे लागते. जे सोडावे लागते, त्यावरूनच अर्थशास्त्र निवडीचा खर्च मोजते. या घटकातील तीनही संकल्पना याच विचारावर उभ्या आहेत.

२. संधी खर्च

एखादा पर्याय स्वीकारताना सोडावा लागणारा सर्वांत चांगला दुसरा पर्याय म्हणजे त्या निवडीचा संधी खर्च होय. समजा, आज सायंकाळचे दोन तास आपण या पुस्तिकेला देणार आहात. त्याच वेळात जादा काम करून ३०० रुपये मिळाले असते, किंवा विश्रांती घेता आली असती. यांपैकी जादा काम आपणांस अधिक मोलाचे वाटत असेल, तर अभ्यासाचा संधी खर्च ३०० रुपये होय. दोन्ही पर्याय एकाच वेळी साधता आले नसते, म्हणून त्यांची बेरीज करावयाची नसते. भरलेले प्रवेश शुल्कही यात येत नाही. आज अभ्यास केला अथवा न केला, तरी ते परत मिळणार नाही.

३. उत्पादन शक्यता वक्र

उपलब्ध साधने व तंत्रज्ञान पूर्णपणे वापरून दोन वस्तूंचे जे जे कमाल संयोग निर्माण करता येतात, ते दाखविणारी रेषा म्हणजे उत्पादन शक्यता वक्र. वक्राच्या आतील बिंदू साधने वाया जात असल्याचे अथवा बेकार असल्याचे दर्शवितो. वक्राबाहेरील बिंदू सध्याच्या साधनांत गाठता येत नाही. वक्रावरून सरकताना एक वस्तू वाढविण्यासाठी दुसरी जितकी कमी करावी लागते, तितका पहिलीचा संधी खर्च असतो. सर्व साधने सर्व कामांना सारखीच योग्य नसतात, म्हणून हा खर्च सामान्यतः वाढत जातो आणि वक्र आरंभबिंदूकडून पाहता अंतर्वक्र दिसतो. खर्च स्थिर असेल तर तो सरळ रेषा होतो.

४. तुलनात्मक लाभ

डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंड व पोर्तुगाल यांचे उदाहरण दिले. त्यातील आकडे काल्पनिक होते, व्यापार मात्र खरा होता. १७०३ च्या मेथुएन करारानुसार इंग्लंडचे लोकरी कापड पोर्तुगालमध्ये जात होते आणि पोर्तुगालच्या मद्याला इंग्लंडमध्ये फ्रेंच मद्यापेक्षा कमी जकात होती. एका वर्षात प्रत्येकी एक एकक उत्पादनासाठी लागणारे कामगार असे :

| देश | कापड | मद्य |
|---|---|---|
| इंग्लंड | १०० | १२० |
| पोर्तुगाल | ९० | ८० |

दोन्ही वस्तू पोर्तुगाल कमी श्रमात करतो. म्हणजे दोन्हींत निरपेक्ष लाभ त्याचाच आहे. मग इंग्लंडजवळ देण्यासारखे काय उरते? याचे उत्तर संधी खर्चात आहे. एक एकक मद्यासाठी इंग्लंडला १.२ एकक कापड सोडावे लागते, पोर्तुगालला सुमारे ०.८९. म्हणून मद्यात पोर्तुगालला, तर कापडात इंग्लंडला तुलनात्मक लाभ आहे.

विशेषीकरणानंतर इंग्लंडचे २२० कामगार २.२ एकक कापड आणि पोर्तुगालचे १७० कामगार २.१२५ एकक मद्य निर्माण करतील. एकास एक विनिमय झाल्यास इंग्लंडकडे १.२ एकक कापड व १ एकक मद्य राहील. इतके स्वतः निर्माण करण्यास त्याला २४० कामगार लागले असते. पोर्तुगालकडे १ एकक कापड व १.१२५ एकक मद्य राहील. त्यासाठी १७० ऐवजी १८० कामगार लागले असते. म्हणजे व्यापारामुळे दोन्ही देशांचा उपभोग आपापल्या उत्पादन शक्यता रेषेच्या बाहेर जातो. सर्वच कामांत मागे असलेल्यालाही विनिमयात स्थान असते, हा या सिद्धांताचा गाभा आहे.

५. मर्यादा

वरील लाभ देशाचा आहे; तो देशातील प्रत्येकाला मिळेलच असे नाही. पोर्तुगालमधील विणकराला द्राक्षमळ्यात काम मिळेल, असे येथे गृहीत धरले आहे. ते मिळाले नाही, तर देश वक्राच्या आतील बिंदूवर जातो आणि त्याची किंमत विणकराचे कुटुंब मोजते. भांडवल देशाबाहेर जात नाही, हेही रिकार्डो यांचे गृहीत होते. शिवाय तुलनात्मक लाभ कायमचा नसतो; शिक्षण व तंत्रज्ञान यांमुळे तो बदलतो. म्हणून व्यापार धोरणाचा विचार करताना ‘एकूण लाभ किती?’ याबरोबरच ‘तो कोणाला?’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

एका दिवसात ‘अ’ हा शिंपी ६ सदरे किंवा ३ विजारी शिवतो. ‘ब’ हा २ सदरे किंवा २ विजारी शिवतो. विजारींत तुलनात्मक लाभ कोणाला?

उत्तर : ‘ब’ ला. एका विजारीसाठी ‘अ’ ला २ सदरे सोडावे लागतात, ‘ब’ ला १.

स्वाध्याय

१. आपण अलीकडे घेतलेल्या एका निर्णयाचा संधी खर्च लिहा. त्यात कोणता खर्च धरला नाही व का, ते सांगा.

२. तुलनात्मक लाभाचा सिद्धांत सांगून त्याच्या मर्यादांची चर्चा करा.