सामाईक कोठार बंद पडते तेव्हा

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण मंडळी आज माधापूर, गच्चीबौली या भागांतील संगणक कंपन्यांत नोकरीस आहेत. त्यांच्या कामाचे स्वरूप घरच्या वडीलधाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. मध्यरात्री फोन वाजतो, ‘स्टोरेज गेले’ एवढेच शब्द कानी पडतात आणि मुलगा किंवा सून संगणकापुढे जाऊन बसते. हे ‘जाणे’ म्हणजे काय आणि त्यावरील उपाय कोणत्या क्रमाने करावा, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा आमचा विचार आहे. बँकेतील ठेव, रुग्णालयातील तपासणीचे अहवाल, संस्थांची देणगीखाती ही सर्व आता अशाच यंत्रांच्या भरवशावर असल्यामुळे हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

पूर्वी एका कामास एक सर्व्हर असे. आता एकाच सर्व्हरात दहा-वीस स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे कामे चालवितात. त्यांस आभासी यंत्रे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणतात. असे तीन-चार सर्व्हर एकत्र जोडले की त्यांचा क्लस्टर होतो. एक सर्व्हर बंद पडला तर त्यावरील आभासी यंत्रे दुसऱ्यावर पुन्हा सुरू होतात. हे शक्य व्हावे म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांची माहिती कोणा एकाच्या पोटात न ठेवता सर्वांचा हात पोहोचेल अशा सामाईक कोठारात ठेवतात.

उत्सवाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. चार आचारी असले आणि एक आजारी पडला, तर दुसरा त्याचा झारा हाती घेतो; पंगत अडत नाही. परंतु तांदूळ, डाळ, तूप ज्या कोठीघरात आहे त्याचे दारच उघडले नाही, तर चारही आचारी धडधाकट असून पाने रिकामी राहतात. क्लस्टर आचाऱ्यांची तजवीज करतो; कोठीघराची तजवीज निराळी करावी लागते. या सर्व विषयाचे सार इतकेच आहे.

गणपूर्ती

दुसरी एक गोष्ट न्यासाच्या सभासदांना चटकन समजेल, ती म्हणजे गणपूर्ती. समजा, कार्यकारी मंडळाचे निम्मे सभासद एका खोलीत व निम्मे दुसऱ्या खोलीत अडकले आणि दोन्ही गटांनी एकाच निधीविषयी परस्परविरुद्ध ठराव केले, तर हिशेबाचा कसा घोळ होईल! सर्व्हरांतील दळणवळण तुटले की हाच धोका असतो. दोन्ही गट एकाच कोठारात लिहू लागले तर माहितीची नासाडी होते. म्हणून ज्या गटाकडे बहुमत असेल त्यानेच काम चालवावे, इतरांनी थांबावे, असा क्लस्टरचा नियम आहे. मते समसमान होऊ नयेत यासाठी एक जादा मत ‘साक्षीदार’ म्हणून ठेवतात. यंत्र आपण होऊन थांबले म्हणजे ते बिघडलेच असे समजू नये. पुष्कळदा ते माहितीच्या रक्षणासाठी थांबलेले असते.

मुंबईचा धडा

कोठार अडले म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण मुंबईतच घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार थांबले ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार सायंकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. बाजाराने नंतर प्रसिद्ध केलेल्या खुलाशानुसार, मुख्य केंद्र व जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार तारा दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. तरीही दोन्हींकडील जोडण्यांत एकाच वेळी व्यत्यय आला. त्या प्रसंगी मुख्य केंद्राच्या कोठाराने आपले काम चालूच ठेवावे अशी योजना होती. प्रत्यक्षात तेच सर्व्हरांना मिळेनासे झाले. त्यामुळे जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली, आणि तिच्यावाचून सौदे चालू ठेवणे शक्य नव्हते.

येथे तारा दोन होत्या, केंद्रे दोन होती, सर्व्हरही पुष्कळ होते. उणीव होती ती तार तुटल्यावर कोठार कसे वागेल, या एका मुद्द्यात. सेबीने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करावी आणि त्यापुढील ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करावे.

शोधाचा क्रम

आता प्रत्यक्ष बिघाड शोधण्याकडे वळू.

१. प्रथम व्याप्ती पाहावी. एकाच सर्व्हरला कोठार दिसत नसेल, तर दोष बहुधा त्याच्या वाटेत, म्हणजे केबल, कार्ड किंवा स्विचवरील जोडणीत असतो. सर्वांनाच दिसत नसेल, तर कोठार किंवा सर्वांची सामाईक वाट तपासावी.

२. ‘मंद चालते’ ही तक्रार क्षुल्लक मानू नये. मायक्रोसॉफ्टच्या क्लस्टरमध्ये एखाद्या सर्व्हरची थेट वाट तुटली, तर त्याची लिहिण्या-वाचण्याची कामे नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरमार्फत होऊ लागतात. काम चालू राहते, पण संथ. ही सोय म्हणजे पूर्वसूचनाच होय.

३. जागा उरली आहे काय ते पाहावे. कोठारात असलेल्या जागेपेक्षा अधिक जागा कागदोपत्री वाटून देण्याची पद्धत आहे. विसरलेल्या जुन्या चेकपॉइंटही जागा खात राहतात. कोठार भरले की यंत्रे जागच्या जागी थबकतात.

४. नोंदवही, म्हणजे लॉग, वाचताना सर्वांत पहिली चूक शोधावी. नंतरच्या शंभर चुका बहुधा तिचीच संतती असतात. ५१२० या क्रमांकाची नोंद सामाईक कोठाराशी संबंध तुटल्याचे सांगते. ११३५ ही एखादा सर्व्हर समूहातून गळाल्याचे. क्लस्टरचा सविस्तर लॉग नेहमीच्या मांडणीत जागतिक प्रमाणवेळेत येतो. आपली वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास आहे. हे विसरल्यास रात्री दोनच्या बिघाडाचे कारण भलत्याच घटकेत शोधले जाते.

५. नुकते काय बदलले, हे विचारावे. एका सर्व्हरवर नवे ड्रायव्हर व इतरांवर जुने, ही दुफळी पुष्कळ दुखण्यांचे मूळ असते. तपासणीचा कार्यक्रम जरूर चालवावा. परंतु त्यातील डिस्कची चाचणी चालू कामाच्या डिस्कवर करू नये, कारण तीत डिस्क काही काळ बंद केली जाते.

६. घाईने यंत्रे पुनःपुन्हा बंद-चालू करू नयेत. विंडोज सर्व्हर २०१६ पासून कोठाराचा संबंध तुटल्यास आभासी यंत्र साधारणतः ३० मिनिटे वाट पाहते, आणि कोठार परत आले की थांबलेले काम पुढे सुरू करते. दुसरा गट खरोखर बंद आहे अशी खात्री केल्यावाचून एका गटास सक्तीने सुरू करणे तर फारच धोक्याचे.

प्रत आणि बॅकअप

कोठाराची हुबेहूब दुसरी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेले पान त्या प्रतीतूनही तत्क्षणी पुसले जाते. दक्षिण कोरियात डेजॉन येथील शासकीय माहिती केंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. तेथील ८५८ टेराबाइट कार्यालयीन कागदपत्रांची बाहेर दुसरी प्रतच नव्हती, ती गेली. आपल्या शहरात नोव्हेंबर २०२२ पासून ॲमेझॉनची केंद्रे सुरू आहेत. पण माहिती मोठ्या कंपनीकडे ठेवली म्हणून वेगळ्या जागी बॅकअप ठेवण्याची आपली जबाबदारी संपत नाही.

तेव्हा ज्या संस्थेची कागदपत्रे संगणकावर आहेत, तिच्या चालकांनी आपल्या तंत्रज्ञास तीन प्रश्न अवश्य विचारावे: आमची माहिती किती ठिकाणी आहे? त्यांपैकी एक जागा या इमारतीबाहेर आहे काय? आणि बॅकअपमधून माहिती खरोखर परत आणून शेवटची कधी पाहिली? तिसऱ्या प्रश्नास तारीख सांगता आली नाही, तर पुढील सभेपूर्वी तो प्रयोग करून घ्यावा. आणि ज्या घरी रात्री फोन वाजतो, त्या घरच्यांनी एवढे जाणावे की समोर बसलेले माणूस कोणाच्या तरी आयुष्यभराच्या नोंदी सांभाळीत आहे; त्याला घाई करू नये, चहा मात्र द्यावा.