खरी कसोटी कोणती?

यंत्राची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न दिसावयास सोपा. परंतु तेथें चूक झाली म्हणजे पुढील सर्व हिशेब चुकतो. याचा उत्तम धडा चरख्याच्या इतिहासांत आहे, आणि चरखा तर आपल्या वर्धा जिल्ह्याच्या ओळखीचाच.

१९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लक्ष रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्याच्या अटी मोठ्या विचारानें घातलेल्या होत्या. यंत्र हलकें असावें. खेड्यांतील घरांत हातानें किंवा पायानें चालावें. बाईला फार श्रम न होतां त्यावर ८ तास काम करतां यावें. तेवढ्या वेळांत १२ ते २० नंबरचें ठराविक लांबीचें सूत निघावें. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. यंत्र २० वर्षें टिकावें, आणि वार्षिक दुरुस्ती किंमतीच्या शेंकडा ५ हून अधिक नसावी. तें बक्षीस कोणासही मिळालें नाहीं.

आठ तास कां? कुशल कारागिरानें पांच मिनिटें चाक गरगर फिरविलें तर वेग दिसेल. परंतु सूत तुटणें, तें सांधणें, पेळू बदलणें, हात दुखणें, यांतील कांहींच दिसणार नाहीं. जिच्या हातीं यंत्र द्यावयाचें, तिच्याच दिवसाचें काम येथें कसोटीस घेतलें होतें. पुढें १९३२ च्या अखेरीस विनोबाजी वर्ध्याजवळील नालवाडीस राहावयास गेले, आणि केवळ कताईच्या मजुरीवर निर्वाह होतो काय, याचा अनुभव त्यांनीं स्वतः घेतला.

आतां हाच न्याय संगणकास लावूं. ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाची कारभारीण होय. स्मृतीची वांटणी करणें, डिस्कवरून फाइली आणणें, प्रत्येक प्रोग्रॅमला पाळीपाळीनें वेळ देणें, हीं तिचीं कामें. केवळ बेरीज-गुणाकार करणारा लहानसा प्रोग्रॅम चालविला, तर तिला फारसें कामच पडत नाहीं. मोजला जातो तो प्रोसेसर. १९८४ सालीं निघालेली ड्रायस्टोन कसोटी अशीच लहान होती. कांहीं कंपायलर तिच्यांतील निरुपयोगी भाग गाळून टाकीत. आंकडा फुगे, उपयुक्त काम वाढत नसे. १९८८ सालीं स्थापन झालेल्या स्पेक संस्थेनें म्हणूनच खऱ्या वापरांतील प्रोग्रॅम निवडण्याची रीत घातली.

शाळेनें परीक्षा घ्यावयाची तर प्रथम आठवडाभर पाहावें, कीं येथें कोणतीं कामें किती वेळां होतात. एका तासाला सर्व मुलें एकदम फाइली उघडतात काय? दाखले छापतांना दुसरीं कामें चालू असतात काय? त्याच प्रमाणांत कामें निवडावीं. यंत्र तेंच, फाइली त्याच ठेवून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्रयोग पुष्कळदां करावा. पहिल्या खेपेस फाइल डिस्कवरून येते व पुढें बहुधा स्मृतींतूनच मिळते. म्हणून ते आंकडे निरनिराळे लिहावे. सरासरीबरोबर सर्वांत अधिक किती थांबावें लागलें, तेंही लिहावें. कारण मुलाचा तास त्या थांबण्यांतच वायां जातो.

पालकांसही आमची विनंति आहे. जाहिरातींतील मोठा आंकडा पाहून कष्टाचे पैसे खर्चूं नयेत. आपल्या मुलाचें नित्याचें काम तेथेंच करून पाहावें. शलमोनाच्या नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा निषेध आहे. जी कसोटी खऱ्या कामाशीं जुळत नाहीं, तीही एक प्रकारें खोटा तराजूच होय.