आधी ठरवा, पाणी कुणासाठी तापवायचे

गुरुग्रामला आमचे प्लॉटवरचे घर आहे. तळमजला आमचा, मागे फरशीचे छोटे अंगण. माझे वडील मूळचे वाईचे, कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले होते आणि डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सुचवला होता. मुलगा शाळेच्या संघातून पोहतो. घरात पाण्याची सोय करायची हे लगेच ठरले, पण हॉट टब घ्यावा की स्विम स्पा, हे ठरायला फार वेळ लागला. हॉट टब म्हणजे चार-सहा जणांनी बसून अंग शेकायचे टाके, साधारण दोन मीटर लांब-रुंद, हजार ते दीड हजार लिटरचे. स्विम स्पा चार ते सहा मीटर लांब, पाच ते आठ हजार लिटरचा. त्यात एका टोकाकडून पंप पाण्याचा जोराचा प्रवाह सोडतो आणि माणूस त्याच्याविरुद्ध जागच्या जागी पोहतो. या खरेदीत आणि नंतरच्या वापरात जे कळले, ते पुढे लिहिते आहे.

१. विक्रेते जेट किती, दिवे किती, आसने किती हे सांगतात. आपण मात्र पहिला प्रश्न तापमानाचा विचारावा. अंग शेकायला ३७ ते ४० अंश सेल्सिअस पाणी लागते. दुखऱ्या सांध्यांच्या व्यायामासाठी ३३ ते ३५ अंश चांगले मानतात. स्पर्धेच्या तलावात पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवतात, कारण त्याहून गरम पाण्यात जोरात पोहणारा लवकर दमतो. आता एकाच टाक्यात आजोबा आणि नातू दोघांना खूश करायचे कसे? एक हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते. म्हणजे साडेसहा हजार लिटरच्या स्विम स्पाचे पाणी पाच अंशांनी वर न्यायचे तर ३८ युनिट, आणि ३ किलोवॉटचा हीटर असेल तर बारा-तेरा तास. थंड व्हायला तर त्याहूनही जास्त वेळ. सकाळी नातवासाठी गार, संध्याकाळी आजोबांसाठी कोमट, असे या टाक्यात होत नाही. दोन स्वतंत्र कप्प्यांचे, दोन तापमानांचे स्विम स्पा मिळतात, पण त्यांची लांबी आमच्या अंगणात बसत नव्हती. म्हणून आधी घरात बसून ठरवले की पाणी बाबांसाठी आहे. पुढचे बरेच निर्णय त्यातून आपोआप सुटत गेले.

२. म्हाताऱ्या माणसासाठी हॉट टब आणि तरुणांसाठी स्विम स्पा, असा सर्वांचा समज असतो. आमच्याकडे उलटे निघाले. उष्णतेने आराम पडतो हे खरेच आहे. जकुझी हे नाव ज्यावरून आले, त्या कॅलिफोर्नियातल्या कुटुंबातल्या कँडिडो जकुझींनी १९५६ साली घरच्या बाथटबमध्ये बुडवायचा पंप बाजारात आणला, तो आपल्या संधिवाताने आजारी मुलासाठी केलेल्या खटपटीतूनच. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत लोक दुखणी घेऊन जातात, तसे इथे सोहन्याच्या गंधकाच्या झऱ्यावर येतात. पण गुडघ्याला शेकाबरोबर हालचालही लागते. भोवतीचे स्नायू बळकट झाले तरच सांध्यावरचा भार हलका होतो. हॉट टबमध्ये बसता येते, चालता येत नाही. स्विम स्पामध्ये कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर साधारण निम्मेच वजन येते आणि छातीइतक्या पाण्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. जमिनीवर काठी टेकत दहा पावले टाकणारे बाबा पाण्यात मंद प्रवाहाविरुद्ध चालू लागले. पोहण्यासाठी बनवलेले यंत्र त्यांनी चालण्यासाठी वापरले आणि मला वाटते, तोच त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग आहे.

३. गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. गुरुग्राममध्ये स्टिल्टवर चार मजले, प्रत्येक मजला वेगळ्या मालकाचा आणि गच्ची सर्वांत वरच्याची, अशी बिल्डर फ्लोअरची पद्धत आहे. वरच्या मजल्याचे मालक गच्चीवर हॉट टबची स्वप्ने पाहतात. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार माणसांची ये-जा असणाऱ्या सपाट गच्चीसाठी चल भार धरतात चौरस मीटरला सुमारे १५० किलो. स्विम स्पामध्ये पाण्याची खोली १.२ मीटर धरली, तर नुसत्या पाण्याचाच भार चौरस मीटरला १,२०० किलो होतो, म्हणजे आठपट. हॉट टब त्यामानाने हलका, तरी पाणी, टाके आणि चार माणसे मिळून चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास जातो, म्हणजे तिप्पट. शिवाय गुरुग्राम भूकंपाच्या चौथ्या क्षेत्रात येते, आणि इमारतीच्या माथ्यावर हलणारे पाणी साठवणे ही हलकी गोष्ट नाही. खाली तीन कुटुंबे झोपलेली असतात. स्विम स्पा जमिनीवरच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

४. जमिनीवर म्हणजे जमिनीतही नव्हे. अर्धा खड्ड्यात बसवला तर वयस्कर माणसाला आत उतरणे सोपे जाते, दिसायलाही छान. पण पंप आणि हीटर टाक्याच्या तळाशी, बाहेरच्या पेटीत असतात. जुलै २०१६ मध्ये या शहरात पाणी तुंबून माणसे रात्रभर रस्त्यावर अडकली होती, ‘गुरुजाम’ म्हणून तो पाऊस अजून लोकांच्या लक्षात आहे. खड्ड्यात पाणी साचले की यंत्रे गेलीच. आम्ही जोत्याच्या उंचीचा काँक्रीटचा ओटा केला आणि रुंद, खरखरीत पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा लावला. पायऱ्यांच्या खर्चात हात आखडता घेऊ नये.

५. आता पाणी. गुरुग्रामला यमुनेचे पाणी कालव्यांनी येते, बसई आणि चंदू बुढेडा इथल्या केंद्रांत शुद्ध होते आणि तरीही उन्हाळ्यात टँकर फिरतात. भूजलाचा उपसा इतका झाला आहे की २०१२ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने बांधकामासाठी ते वापरायला मनाई केली. अशा गावात साडेसहा हजार लिटर पाणी घरात भरून ठेवायचे, याचा मला मनापासून संकोच होता. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर पाच जणांच्या घराचे ते जवळजवळ दहा दिवसांचे पाणी. पण हिशेब मांडला तेव्हा चित्र थोडे बदलले. हॉट टबचे पाणी थोडे आणि गरम असते, त्यामुळे ते लवकर बिघडते आणि दर तीन-चार महिन्यांनी बदलावे लागते. बाराशे लिटरच्या टबचे वर्षाला साडेतीन ते पाच हजार लिटर होतात. स्विम स्पाचे पाणी नीट राखले तर वर्षातून एक-दोनदा बदलले की पुरते. फरक राहतोच, पण वाटला होता तेवढा नाही. आत उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करा, केसांना तेल असेल तर ते धुऊन या. पाणी टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. बदलताना क्लोरिन उडून जाईपर्यंत पाणी उघडे ठेवावे आणि मग झाडांना द्यावे.

बोअरवेलचे पाणी मात्र भरू नका. ते जड असते, हीटरवर क्षारांचे थर चढतात. नाइलाजच असेल तर सॉफ्टनरमधून काढून भरा.

६. हवा. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. हॉट टबमध्ये माणूस शांत बसतो, स्विम स्पामध्ये जोरजोरात श्वास घेतो. नोव्हेंबरात दिल्लीभोवतीची हवा बिघडते, तेव्हा उघड्यावर पोहणे म्हणजे तो धूर खोल छातीत ओढणे. आम्ही त्या दिवसांत मुलाला पोहू देत नाही. अंगण काचेने बंद करून घेता येते, पण मग वाफ बाहेर जायला पंखे हवेत, नाहीतर भिंतींना बुरशी धरते.

७. विजेचे दोन हिशेब करा. जानेवारीत पंधरा अंशांचे पाणी ३२ अंशांवर न्यायला साडेसहा हजार लिटरला सुमारे १३० युनिट लागतात. बाराशे लिटरच्या टबात तेच पाणी ३८ अंशांवर न्यायला ३२ युनिट पुरतात. एकदा तापल्यावर जाड, घट्ट बसणारे झाकण असेल तर रोजचा खर्च आवाक्यात राहतो. झाकणावर पैसे वाचवू नका. वीज गेली तर घरचा इन्व्हर्टर हा हीटर चालवू शकत नाही, आणि डिझेल जनरेटरवर हिवाळ्यात प्रदूषणामुळे निर्बंध येतात. दुसरा हिशेब उन्हाळ्याचा. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा पाणी गार कसे ठेवायचे हा प्रश्न येतो. पंपांची उष्णताही पाण्यातच उतरते. पाणी थंडही करू शकेल असा हीट पंप आणि वर सावली, या दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच मागून घ्या.

८. रसायनांची काळजी रोजची. पीएच ७.२ ते ७.८ ठेवावा. गरम पाण्यात क्लोरिन भराभर उडते, म्हणून हॉट टबमध्ये ते ३ पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नये, किंवा अशा पाण्यात अधिक टिकणारे ब्रोमिन वापरावे. दुर्लक्ष झाले तर स्यूडोमोनास जिवाणूंमुळे अंगावर पुरळ येतो. लिजिओनेला तर वाफेबरोबर फुप्फुसात जातो, आणि वयस्कर माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो. तपासणीच्या पट्ट्या टाक्याजवळच ठेवा.

९. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने खूप गरम पाण्यात बसून झटकन उभे राहू नये. रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, चक्कर येते. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. गरोदर बाईने आणि हृदयरोग्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. झाकणाला कुलूप हवे, लहान मुलांसाठी. वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग हवे, आणि ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आपल्यासमोर तपासून घ्यावे. बाबा पाण्यात असताना घरातले कोणीतरी काठावर बसतेच.

१०. आम्ही स्विम स्पा घेतला. हिवाळ्यात पाणी ३२ अंशांवर असते, बाबांच्या गुडघ्यांना आणखी एक-दोन अंश चालले असते, पण विजेचे बिल पाहून तिथे थांबलो. मुलगा खऱ्या सरावाला क्लबच्या तलावावर जातो. टाक्यात वळण घेता येत नाही, भिंतीला पाय मारून सुटता येत नाही, त्यामुळे स्पर्धेची तयारी त्यात पुरी होत नाही. तुमच्या घरी पाण्यात रोज चालणारे किंवा पोहणारे कोणी नसेल आणि दिवसभराचा शीण घालवायला गरम पाणी हवे असेल, तर हॉट टबच घ्या, दोघा-तिघांचा पुरतो. आणि तो गच्चीवर ठेवणार असाल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल हातात पडल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.